आपला ख्रिस्ती विश्वास एका पानात कसा मांडावा: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः पक्का करण्याचा विधी) जवळ आले, मंडळीचे (चर्चचे) सभासद व्हायचे ठरले, बायबल कॉलेजात अर्ज करायचा झाला, की कधी ना कधी सांगितले जाते: ‘तुमचा विश्वास एका पानात लिहून आणा.’ दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात ते विश्वासाचे ठरलेले शब्द, खणखणीत म्हणणारा माणूसही इथे अडतो. पाठ असलेली वाक्ये आठवतात, पण तेच आपल्या शब्दांत मांडायला बसले की हात थांबतो. हे पान कसे तयार करायचे, त्यात काय यायलाच हवे आणि लोक नेमके कुठे घसरतात, ते पुढे क्रमाने दिले आहे.

एक कसोटी आधीच सांगून ठेवतो, कारण बाकीचे सगळे तिच्या आधाराने चालते. लिहिलेले प्रत्येक वाक्य देवाला उद्देशून म्हणून पाहा. ‘येशू माझ्या पापांसाठी मरण पावला’ हे वाक्य ‘प्रभू, तू माझ्या पापांसाठी मरण पावलास’ असे प्रार्थनेत सहज म्हणता येते. ‘ख्रिस्ती धर्म जगभर पसरला आहे’ हे मात्र प्रार्थनेत कुठेच बसत नाही. असे वाक्य खरे असेल, उपयोगी माहितीही असेल. पण विश्वासाच्या निवेदनात त्याला जागा नाही.

पहिली पायरी: साक्ष आणि निवेदन वेगळे करा

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. साक्ष म्हणजे देवाने तुमच्या आयुष्यात काय केले. निवेदन म्हणजे देव कोण आहे आणि त्याने सर्वांसाठी काय केले, यावरचा तुमचा विश्वास. आजारातून बरे होणे, व्यसन सुटणे, एका रात्री मनाला शांती लाभणे या गोष्टी साक्षीत येतात.

प्रेषित पौलाच्या तोंडी दोन्ही आढळते. प्रेषितांची कृत्ये २२ आणि २६ या अध्यायांत तो दिमिष्काच्या वाटेवर काय घडले ते सांगतो, ती साक्ष. १ करिंथ १५:३-५ मध्ये तो आपल्याला मिळालेले आणि पुढे सोपवलेले सांगतो: ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला (म्हणजे पेत्राला) व नंतर बारा जणांना दिसला. हे निवेदन. पत्र इसवी सन ५५च्या आसपासचे, आणि त्यातला हा सारांश त्याहूनही जुना. पौलाची स्वतःची गोष्ट त्यानंतर, आठव्या वचनात येते. तुमच्या पानातही हाच क्रम ठेवा. तीनशे ते चारशे शब्दांच्या पानात साक्षीला दोन-तीन वाक्ये पुरतात, आणि ती तारणाच्या भागाच्या (सहावी पायरी) शेवटी शोभतात.

दुसरी पायरी: आधी कोरा कागद, मग पुस्तके

पहिला मसुदा पुस्तक न उघडता लिहा. वीस मिनिटे, एक वही, ‘मी विश्वास ठेवतो की’ अशी सुरुवात, आणि जे येईल ते. भाषा सुधारू नका. हा मसुदा कोणाला दाखवायचा नाही. आपल्या मनात खरोखर काय मुरले आहे आणि काय नुसते कानावरून गेले आहे, ते त्यातून कळते.

दुसऱ्या दिवशी शेजारी चार गोष्टी घ्या: बायबल, प्रेषितांचा विश्वासांगीकार, निकीयाचा विश्वासांगीकार आणि तुमच्या मंडळीची प्रश्नोत्तरी (प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणारी पुस्तिका). विश्वासांगीकाराची एकेक ओळ वाचायची आणि मसुद्यात तिचे काही आले आहे का ते शोधायचे. आले असेल तर समासात खूण, नसेल तर ती ओळ दुसऱ्या पानावर उतरवून ठेवायची. बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात तीन गोष्टी सुटतात: पवित्र आत्मा, मंडळी आणि शरीराचे पुनरुत्थान. सुटले म्हणून खजील होऊ नका. पुढचे दोन आठवडे कुठे वाचन करायचे, ते या गाळलेल्या ओळींनी ठरते.

या विश्वासांगीकारांबद्दल थोडे माहीत असलेले बरे. प्रेषितांचा विश्वासांगीकार बारा प्रेषितांनी बसून लिहिलेला नाही. रोमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणाऱ्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांविषयी तीन प्रश्न विचारले जात. त्या पद्धतीतून तो वाढत गेला, आणि आजचे शब्द आठव्या शतकापर्यंत स्थिर झाले. निकीयाचा विश्वासांगीकार ३२५च्या धर्मसभेत तयार झाला. आपण उपासनेत म्हणतो ते विस्तारित रूप ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडलेले आहे. दोन्हींचा साचा पिता, पुत्र, आत्मा असा तीन भागांचा आहे. नवख्याने तोच साचा घ्यावा. स्वतःची नवी रचना शोधण्यात वेळ जातो आणि हमखास काहीतरी निसटते.

तिसरी पायरी: तीन गठ्ठे

जमलेल्या सगळ्या वाक्यांचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात ज्यावाचून ख्रिस्ती विश्वासच उरत नाही ते: एकच देव, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), सृष्टी, ख्रिस्ताचे देहधारण (मनुष्य होणे), मरण व पुनरुत्थान, पापक्षमा, त्याचे पुनरागमन. दुसऱ्यात तुमच्या मंडळीची खास शिकवण: बालकांचा बाप्तिस्मा की जाणत्यांचाच, प्रभुभोजनात ख्रिस्ताची उपस्थिती कशी समजायची, संस्कार सात की दोन, जुन्या कराराच्या यादीत कोणते ग्रंथ. (कॅथोलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६, म्हणून नुसते ‘संपूर्ण बायबल’ लिहून हा प्रश्न सुटत नाही.) तिसऱ्या गठ्ठ्यात तुमची मते: सृष्टीचे सहा दिवस कसे घ्यायचे, प्रकटीकरणात सांगितलेले ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य कधी, कोणत्या प्रकारचे संगीत उपासनेत असावे.

पानाचा तीन-चतुर्थांश भाग पहिल्या गठ्ठ्याला द्या. दुसऱ्यातले, ज्या मंडळीत तुम्ही हे सादर करणार तिच्यापुरते, चार-पाच वाक्यांत. तिसरा गठ्ठा वहीतच राहू द्या. नवा विश्वासणारा अनेकदा शेवटच्या काळाच्या घटनाक्रमावर अर्धे पान खर्च करतो आणि पुनरुत्थानाला एक ओळ देतो. अलीकडे जे ऐकले ते डोक्यात ताजे असते, त्यामुळे तोल जातो.

चौथी पायरी: देव आणि त्रैक्य

देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, आत्मा पिता नव्हे. या तीन गोष्टी तुमच्या शब्दांत आल्या की पुरे. स्पष्टीकरण देण्याचा मोह आवरा. पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण बालवर्गापासून सगळीकडे वापरले जाते, पण त्यातून निघणारा अर्थ असा की एकच देव वेळेनुसार तीन रूपे घेतो. हे मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारले. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो आणि पिता बोलतो, तिघेही एकाच वेळी (मत्तय ३:१६-१७). उलट टोकाला तीन माणसांच्या कुटुंबाचे उदाहरण तीन देवांकडे नेते. दोन्ही टाळा.

वचनांसाठी अनुवाद ६:४, मत्तय २८:१९ आणि २ करिंथ १३:१४ भक्कम आहेत. १ योहान ५:७ मधले ‘पिता, शब्द व पवित्र आत्मा’ हे शब्द काही जुन्या भाषांतरांत दिसतात, पण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाहीत. त्रैक्याचा आधार म्हणून ते देऊ नका. त्या शब्दांवाचूनही शिकवणीला भरपूर आधार आहे.

देवाविषयी लिहिताना आणखी एक राहून जाते: तो निर्माणकर्ता आहे आणि त्याने निर्माण केलेले चांगले आहे. हे वाक्य नसले की पुढे देह म्हणजे तुरुंग आणि तारण म्हणजे त्यातून सुटका, असा सूर लागतो. ख्रिस्ती शिकवण तशी नाही.

पाचवी पायरी: येशू ख्रिस्त

पानाचा गाभा हा. इथे घाई करू नका. सगळ्या लिखाणाला जितका वेळ द्याल त्यातला निम्मा इथेच जाऊ द्या.

एक कच्चा परिच्छेद पाहा: ‘येशू हा देवाने पाठवलेला थोर गुरू होता. त्याने सर्वांवर प्रेम करायला शिकवले आणि आपल्यासाठी प्राण दिले. त्याच्यामुळे मला शांती मिळते.’

यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि अडचण तीच आहे. येशूबद्दल आदर असलेला कोणीही, ख्रिस्ती नसलेलाही, यावर सही करील. येशू कोण आहे ते यात नाही. त्याला मरावे का लागले ते नाही. तो उठला की नाही ते नाही. ‘होता’ या क्रियापदाने तर तो भूतकाळातच राहिला.

तोच परिच्छेद दुरुस्त करून:

‘येशू ख्रिस्त देवाचा एकुलता एक पुत्र आहे. आपल्या तारणासाठी तो मनुष्य झाला आणि कुमारी मरियेपासून जन्मला. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. पंतय पिलाताच्या अमदानीत त्याला वधस्तंभावर खिळण्यात आले आणि तो मरण पावला. ते मरण माझ्या आणि साऱ्या जगाच्या पापांसाठी होते. तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून सदेह उठला. आज तो जिवंत आहे आणि माझा प्रभू आहे; माझ्या वेळेवर, पैशावर आणि निर्णयांवर त्याचा अधिकार आहे.’

पिलाताचे नाव का? तो इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा रोमन सुभेदार होता. त्याच्या नावाने वधस्तंभ एका ठरावीक जागी आणि काळी रोवला जातो. आपला विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर आहे, हे ते एक नाव सांगते. म्हणूनच दोन्ही विश्वासांगीकारांनी ते जपले.

‘पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य’ लिहिताना ‘अर्धा’ हा शब्द किंवा त्या अर्थाचे काहीही येऊ देऊ नका. ४५१च्या खाल्केदोनच्या धर्मसभेने सांगितले की एकाच ख्रिस्तात दोन स्वभाव आहेत. ते मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागत नाहीत, वेगळे होत नाहीत. येशू थकला, रडला, भुकेला झाला तेव्हा ते नाटक नव्हते (इब्री ४:१५). आणि त्याने पापांची क्षमा केली तेव्हा तो देवाचाच अधिकार चालवत होता (मार्क २:५-१२). कलस्सै १:१५ मध्ये त्याला सृष्टीत ‘ज्येष्ठ’ म्हटले आहे; त्यावरून तो निर्माण केलेला आहे असा अर्थ काढणारे भेटतात. लगेच पुढचे वचन वाचा: सर्व काही त्याच्यामध्ये निर्माण झाले. चौथ्या शतकात आरियस नावाच्या धर्मगुरूशी वाद पेटला तो याच मुद्द्यावर, आणि निकीयाच्या सभेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठामपणे मांडले.

वधस्तंभाबद्दल लिहिताना शास्त्र एकाहून अधिक चित्रे देते. खंडणी (मार्क १०:४५), यज्ञ (इब्री ९), नीतिमान ठरवणे (रोम ३:२३-२६), समेट (२ करिंथ ५:१८-१९), सत्तांवर विजय (कलस्सै २:१५). एका पानात पाचही मावत नाहीत. दोन निवडा आणि नीट मांडा. रागावलेला पिता आणि मध्ये पडणारा दयाळू पुत्र असे चित्र मात्र रंगवू नका. देवाने जगावर प्रीती केली म्हणून पुत्र दिला (योहान ३:१६), आणि पुत्राने आपला प्राण आपण होऊन दिला (योहान १०:१८). तारण हे पिता, पुत्र आणि आत्मा यांचे एकच काम आहे.

सहावी पायरी: पाप, कृपा आणि तारण

पापाविषयी लिहिताना ‘माणूस पापी आहे’ इतक्यावर थांबू नका. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला (उत्पत्ती १:२७) हे आधी यायला हवे. ते नसेल तर पापाचे दुःख कळत नाही आणि माणसाची किंमतही कळत नाही. मग ‘माणूस’ऐवजी एकदा तरी ‘मी’ लिहा.

तारणासाठी इफिस २:८-१० पूर्ण वापरा. पुष्कळ लोक नवव्या वचनावर थांबतात: कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे. दहावे वचन सांगते की आपण सत्कृत्यांसाठी ख्रिस्तात निर्माण झालो आहोत. दोन्ही घेतले की याकोब २:१७ शी (कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे) भांडण उरत नाही. क्रम महत्त्वाचा आहे: चांगले वागून आपण देवाची क्षमा कमावत नाही, क्षमा झालेली आहे म्हणून चांगले वागायला निघतो. तुमचे वाक्य उलट्या क्रमाने वाचले जाण्याजोगे असेल तर ते मोडून पुन्हा लिहा.

इतर पंथांवर टीका करायची ही जागा नव्हे. ‘ते लोक कर्मांनी तारण मानतात’ असे लिहिणे न्यायाचे तर नाहीच, पण चुकीचेही ठरू शकते. लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथोलिक मंडळी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. मतभेद सगळे मिटले असे नाही, पण तारणाचा उगम केवळ कृपेत आहे हे दोन्ही बाजू एकत्र म्हणाल्या.

सातवी पायरी: पवित्र आत्मा, मंडळी, शेवट

आत्म्याबद्दल ‘शक्ती’ एवढेच लिहिले जाते. तो व्यक्ती आहे: तो शिकवतो, खिन्न होतो, मध्यस्थी करतो (योहान १४:२६, इफिस ४:३०, रोम ८:२६). शास्त्राची प्रेरणा आणि त्याचा अधिकार याच भागात बसतो (२ तीमथ्य ३:१६).

मंडळीसाठी दोन वाक्ये: ती ख्रिस्ताचे शरीर आहे, आणि मी तिच्यात बाप्तिस्म्याने व प्रभुभोजनाने सहभागी आहे. दुसऱ्या गठ्ठ्यातली वाक्ये इथे घाला.

शेवटच्या भागात ‘मेल्यावर माझा आत्मा स्वर्गात जाईल’ एवढेच लिहून लोक पान संपवतात. विश्वासांगीकार मात्र शरीराच्या पुनरुत्थानाकडे बोट दाखवतो, आणि प्रकटीकरण २१ नव्या आकाशाकडे व नव्या पृथ्वीकडे. ख्रिस्त परत येईल, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, मेलेले उठवले जातील: या तीन गोष्टी येऊ द्या. तारखा आणि चिन्हे नकोत.

वचने कशी जोडावीत

एका मुद्द्याला जास्तीत जास्त दोन संदर्भ. वचन पूर्ण उतरवायचे नाही, पुस्तक, अध्याय आणि वचनाचा क्रमांक तेवढा कंसात. प्रत्येक संदर्भ पानावर ठेवण्यापूर्वी त्याच्या आधीची व नंतरची दहा-दहा वचने वाचा. फिलिप्पै ४:१३ यशाची हमी म्हणून दिले जाते; पौल तिथे उपाशी राहणे आणि तृप्त असणे या दोन्हींत समाधानी राहण्याबद्दल बोलतो आहे. यिर्मया २९:११ हे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले आहे, आणि त्याच पत्रात सत्तर वर्षे थांबावे लागेल असेही सांगितले आहे. संदर्भ कळल्यावर ही वचने अधिकच दिलासा देतात, पण मग ती वेगळ्या वाक्याला जोडावी लागतात.

जिथे मन खात्री देत नाही

एखाद्या ओळीपाशी मन अडखळते; कुमारीपासून जन्म असेल, न्याय असेल. तिथे ठाम असल्याचा आव आणून लिहू नका, ओळ गाळूही नका. ‘मंडळी जे कबूल करते ते मी स्वीकारतो, आणि ते अधिक समजावे म्हणून प्रार्थना करतो’ असे लिहिता येते. मार्क ९:२४ मधल्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात येशूपुढे ठेवले, आणि येशूने त्याच्या मुलाला बरे केले. अशी वाक्ये एक-दोन असावीत. पाच-सहा झाली, तर सादर करण्याची तारीख पुढे ढकला आणि पाळकांशी निवांत बोला. तुमचे पाळक चांगले असतील तर ते या बोलण्याचा आनंदच मानतील.

तपासणी आणि सादरीकरण

तयार मसुदा मोठ्याने वाचा. चारशे शब्दांना साधारण तीन ते चार मिनिटे लागतात. जीभ जिथे अडते तिथले वाक्य लांब आहे. मग दोघांना ऐकवा: एक मंडळीतले जाणते, दुसरे चर्चला कधी न गेलेले कोणी. जाणता माणूस काय राहिले ते सांगेल. दुसऱ्याला ‘कोणता शब्द कळला नाही?’ एवढेच विचारा. ‘प्रायश्चित्त’, ‘अभिषेक’, ‘नीतिमान ठरणे’ असे शब्द पुढे येतील. त्यांचा अर्थ पुढच्याच वाक्यात साध्या बोलीत उलगडा. देवासाठी ‘तो’ वापरा किंवा ‘ते’, पण पानभर एकच ठेवा.

वडीलमंडळापुढे कागद वाचून दाखवायचा असेल तर नंतर प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न तीन ठिकाणचे असतात: येशू देव आहे असे का मानता, तारणाची खात्री कशावर आहे, आणि बाप्तिस्मा कशासाठी घेता. तिन्हींची उत्तरे दोन-दोन वाक्यांत वहीत तयार ठेवा. उत्तर येत नसेल तर ‘मला हे अजून शिकायचे आहे’ हे उत्तर पूर्ण मान्य असते. मंडळी परीक्षेला बसवत नाही, तिला तुमच्यासोबत चालायचे असते. १ पेत्र ३:१५ विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगते, आणि सौम्यतेने द्यायलाही.

पानावर तारीख टाका. ख्रिस्ताविषयीचा परिच्छेद तेवढा तोंडपाठ करा. कोणी इस्पितळात किंवा प्रवासात अचानक विचारले तर तो एक मिनिटात सांगता येतो. वर्षाने तेच पान काढून वेगळ्या शाईने दुरुस्त करा, आधीची अक्षरे न खोडता, आणि नवी तारीख खाली घाला.